कोपऱ्यातलं टिंब

हाडांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर माणसामाणसात भेद करत नाहीत, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. आणि ते सगळ्यांना माहीत राहावं याची काळजी त्या स्वतःच घेत. नवी सिस्टर रुजू झाली की पहिल्याच दिवशी तिला खाटांच्या मधल्या वाटेत उभी करून त्या सांगत, "हे बघ, इथे बत्तीस खाटा आहेत आणि बत्तीस पेशंट. कोण कुठला, कोण कुणाचा, ते सगळं फाटकाबाहेर." आणि यात ढोंग नव्हतं बरं का. दाराजवळच्या हमालाला आणि खिडकीजवळच्या वकिलाला त्यांच्या राज्यात चादर एकाच दिवशी बदलून मिळे. वकिलाने कुरकुर केली तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागत. बाई कामाला वाघ होत्या. एकतीस वर्षं नोकरी झाली होती, रिटायर व्हायला चार महिने उरले होते, आणि आपण ही वर्षं स्वच्छ काढली असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांच्या खिशात एक आखूड पेन्सिल असे. सगळं लिखाण निळ्या पेनने, पेन्सिल फक्त एकाच कामाला. पेशंट आला की त्याचा केसपेपर तयार व्हायचा. नाव, वय, पत्ता, काय झालं, कसं झालं. आणि कधीकधी त्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मोठ्या सिस्टर पेन्सिलीने एक टिंब देत. मोहरीएवढं. डॉक्टरांच्या ते कधी नजरेला पडलं नाही, आणि पडलं असतं तरी डाग म्हणून सोडून दिलं असतं. सिस्टर लोकांना मात्र त्याचा अर्थ पाठ होता. टिंब म्हणजे, हा माणूस राईचा पर्वत करणारा आहे. याने हाक मारली तर लगेच धावू नका.

ही खोड त्यांना त्यांच्या पहिल्या मोठ्या सिस्टरने लावली होती आणि त्यामागे हिशेबही होता. बत्तीस खाटा आणि एका पाळीला दोन सिस्टर. चार जणांनी एकदम हाका मारल्या तर आधी कुणाकडे जायचं? टिंब नसलेल्याकडे. पेशंट घरी निघाला, किंवा कागद दुसरीकडे जायला निघाला, की खोडरबराने टिंब पुसायचं. वॉर्डातून बाहेर पडणारा कागद कोरा करकरीत असला पाहिजे, हाही नियमच. मोठ्या सिस्टरना तर ते पुसायला विचारही करावा लागत नसे. कागद हातातून सुटण्याआधी अंगठा आपोआप कोपऱ्याकडे जाई.

आता हे टिंब कुणाला मिळे? तर ओरडणाऱ्यांना. आणि ओरडतात कोण? खाणीकडचे. गावाच्या कडेला दगडाच्या खाणी होत्या, तिथे त्या लोकांची वस्ती होती, आणि बोटं चेचलेली, पाय मोडलेली माणसं तिथून महिन्याला तीन-चार तरी येतच. खाणीकडचे फार ओरडतात, हे हॉस्पिटलात कुणी कुणाला शिकवत नव्हतं. नळाचं पाणी गढूळ येतं म्हणावं तितक्या सहज सगळे ते म्हणत. मोठ्या सिस्टर तर मायेने म्हणत. "लहान मुलासारखी असतात बिचारी. तोंड मोठं, पण मनाने चांगली."

तर त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला खाणीवरून एक माणूस आला. वय तिशीचं. दगडाच्या पाट्यांवर नावं कोरायचं काम करायचा. पाटी चढवताना निसटली आणि उजव्या हातावर आली. कोपराखाली हाड मोडलं होतं. बरोबर त्याची थोरली बहीण होती, सुकलेल्या चणीची, भावाची चप्पल हातात घेऊन उभी. हाडांच्या डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं, आणि "सूज बघत राहा" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले. मोठ्या सिस्टरनी त्याला अकरा नंबरची खाट दिली. केसपेपर लिहिला. पत्त्याच्या ओळीत खाणीची वस्ती असं लिहिलं, पेन ठेवलं, पेन्सिल काढली, टिंब दिलं, पेन्सिल ठेवली, आणि पुढची ओळ लिहायला पुन्हा पेन उचललं.

दीड वाजता बहीण टेबलापाशी आली. "बाई, त्याला जरा जास्तच दुखतंय."

"हाड मोडलंय. दुखणारच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. रागाने नाही, हसूनच. "गोळी दिलीय ना? करेल काम."

दोनला पाळी बदलली. दुपारच्या पाळीला जी सिस्टर आली तिला वॉर्डात सगळे चिमणी म्हणत. आवाज तसाच बारीक, चालणं तसंच टुणटुण. लागून आठ महिने झाले होते आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. चार वाजता अकरा नंबरची बहीण तिच्याकडे आली, सहाला पुन्हा आली. प्लॅस्टर घट्ट वाटतंय म्हणतो, बोटांना मुंग्या येतायत म्हणतो. चिमणीने दोन्ही वेळा केसपेपर काढला. दोन्ही वेळा कोपरा बघितला. एकदा गोळी दिली, एकदा हाताखाली उशी द्यायला सांगितली. रात्रीच्या सिस्टरनेही तेच केलं. खाट नंबर अकरावरून मात्र कुणाला आवाज ऐकू आला नाही. तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मंगळवारी सकाळी आठला मोठ्या सिस्टर फेरीला निघाल्या. अकरा नंबरपाशी त्यांनी चादर नीट करायला हात घातला आणि प्लॅस्टरबाहेर आलेली बोटं बघितली. जांभळी, फुगलेली, गार. त्यांनी मधलं बोट किंचित सरळ केलं तसा त्या माणसाने डोळे गच्च मिटले. त्याच्या खालच्या ओठावर दातांच्या खुणा होत्या, एके ठिकाणी रक्त सुकलं होतं.

त्या धावल्या. डॉक्टर आले, प्लॅस्टर कापलं, आणि लगेच स्ट्रेचर मागवलं. आत सूज दाबली गेली होती, रक्त पोहोचत नव्हतं. ऑपरेशन थिएटरचा माणूस केसपेपर मागायला लागला. मोठ्या सिस्टरनी तो दिला. देण्याआधी चिमटीत खोडरबर धरून कोपरा पुसला. हे आपण केलं, हे त्यांना दुपारपर्यंत आठवलंदेखील नाही.

हात वाचला, पण नुसता अंगाला राहिला. कोपराखालचं मांस मेलं होतं. बोटं आत वळणार आणि तशीच राहणार, छिन्नी-हातोडा विसरा, असं डॉक्टरांनी बहिणीला सांगितलं. ते सांगताना त्यांची मान खाली होती.

गुरुवारी चौकशी बसली. हॉस्पिटलचे मोठे साहेब, हाडांचे डॉक्टर आणि ऑफिसातला एक कारकून लिहून घ्यायला. टेबलाच्या अलीकडे चिमणी आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत मोठ्या सिस्टर. पेशंटने दुपारी चारला तक्रार केली, सहाला केली; डॉक्टरांना का कळवलं नाही?

चिमणी म्हणाली, "केसपेपरवर टिंब होतं."

"कसलं टिंब?"

तिने सांगितलं. जितकं नीट सांगता येईल तितकं सांगितलं. साहेबांनी केसपेपर उचलला, जवळ नेला, लांब धरला, डॉक्टरांना दाखवला. कोपरा कोरा. साहेबांनी चष्मा काढून मोठ्या सिस्टरकडे बघितलं. "सिस्टर, तुमच्या वॉर्डात अशी काही पद्धत आहे?"

चिमणीही त्यांच्याकडे बघत होती. घाबरून नाही, अगदी विश्वासाने. आता बाई सांगतील आणि सुटेन, असं.

"मला तसं काही आठवत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

का म्हणाल्या? खरं सांगायचं तर त्यांनी ठरवून म्हटलं नाही. तोंड त्यांच्या आधी बोललं. पण म्हटल्यावर मागे घेतलं नाही, हेही तितकंच खरं, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं. चिमणीने मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. निकाल शनिवारी, असं ठरलं. आणि निकाल काय लागणार ते शिपायालासुद्धा कळलं होतं. कच्च्या नोकरीतली पोरगी, वर खोटं बोलते. रात्रीची सिस्टर काय, बाकीच्या काय, मोठ्या सिस्टरच्या विरुद्ध कुणी तोंड उघडणार नव्हतं. तिला घरी पाठवायचं, की प्रकरण मिटलं.

घरी मोठ्या सिस्टरच्या यजमानांनी ताटावर बसल्यावर ओळखलं. रिटायर झाल्यापासून बायकोचा चेहरा वाचणं हाच त्यांचा उद्योग होता. खोदून खोदून विचारल्यावर बाईंनी अर्धंमुर्धं सांगितलं. टिंबाचंही सांगितलं.

"मग त्यात तुझं काय चुकलं?" यजमान म्हणाले. "तू काय मुद्दाम केलंस? तुझ्याइतकं सगळ्यांना सारखं वागवणारं मी कुणी बघितलं नाही. आणि खाणीकडचे लोक ओरडतातच की. जगाला माहीत आहे."

हे वाक्य मोठ्या सिस्टरनी स्वतः हजारदा म्हटलं असेल. दुसऱ्याच्या तोंडून, भाताचा घास चावत चावत म्हटलेलं ते ऐकून त्यांना शिसारी आली.

"तो ओरडला नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अकरा नंबर. तो एकदाही ओरडला नाही. मी टिंब दिलं तेव्हा तर त्याने तोंडही उघडलं नव्हतं. मी पत्ता लिहिला आणि टिंब दिलं." त्या थांबल्या. "पत्ता लिहिला, आणि दिलं."

यजमानांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

शुक्रवारी मोठ्या सिस्टरनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हॉस्पिटलातच राहिल्या. तळमजल्याला जुने कागद ठेवायची खोली होती. तिथले रेकॉर्डवाले काका म्हणजे एक नमुना; खोलीत कुणी आलं की त्यांना आपल्या राज्यावर स्वारी झाल्यासारखं वाटे. "एका पेशंटचा जुना कागद बघायचाय," अशी थाप मारून बाईंनी मागच्या वर्षाचे गठ्ठे उतरवून घेतले आणि खिडकीपाशी स्टूल ओढलं.

त्यांना स्वतःला पकडायचं नव्हतं, सोडवायचं होतं. त्या स्वतःला म्हणत होत्या, झालं असेल या वेळी. पण एरवी मी माणूस बघूनच टिंब देत असणार. इतकी वर्षं उगीच का कुणी देईल? कागद वर धरला, खिडकीकडे तिरपा केला, तर पुसलेल्या टिंबाच्या जागी बारीकसा खड्डा दिसे. त्यांचा हात जड होता, पेन्सिल दाबून टेकवायची सवय होती. शिसं पुसलं होतं, खड्डा राहिला होता.

एकेक कागद त्या उन्हात धरत गेल्या. खड्डा सापडला की मग पत्ता वाचायचा, आधी नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. इतका प्रामाणिकपणा तरी त्यांच्यात होता. पहिला खड्डा. पत्ता, खाणीची वस्ती. दुसरा, खाणीची वस्ती. तिसरा, तोच. चौथा एका दारुड्याचा निघाला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

"सिस्टर, कागद वाळत घातलेत का?" काका लांबून ओरडले.

दुपारी तीनपर्यंत वर्षभराचे गठ्ठे संपले. टिंबं एक्केचाळीस. त्यातली छत्तीस खाणीकडची. मग त्यांनी उलटं बघितलं, खाणीकडचे असून टिंब नाही असे किती? तर दोन. एक बेशुद्ध आला होता आणि शुद्धीवर न येताच गेला. दुसरा मुका होता. त्या दोघांचे कागद मोठ्या सिस्टरनी शेजारी शेजारी ठेवले.

मग त्यांनी हेडमास्तरांचा कागद शोधला. हे रिटायर्ड हेडमास्तर पायाचा अंगठा मोडून आले होते. अंगठा! त्यांनी तीन दिवस वॉर्ड डोक्यावर घेतला होता. शेजारच्या खाटेवरच्याने कानात कापूस घातला होता. मोठ्या सिस्टर त्यांच्या उशाशी स्टूल टाकून बसल्या होत्या, त्यांचा हात हातात घेतला होता, डॉक्टरांना दोनदा फोन करून बोलावलं होतं. घरी येऊन यजमानांना सांगितलंही होतं, "बिचाऱ्यांना फार सोसत नाही हो." कागद त्यांनी तिरपा धरला, सरळ धरला, पुन्हा तिरपा धरला. कोपरा गुळगुळीत होता.

आणि मग एक बाई. पायाला प्लॅस्टर, खाणीची वस्ती, कोपऱ्यात खोल खड्डा. ही त्यांना आठवत होती. प्लॅस्टर काढलं तेव्हा टाचेला हाडापर्यंत जखम झालेली निघाली होती. मोठ्या सिस्टर तेव्हा तिच्यावर खेकसल्या होत्या, "अहो, आधी का नाही सांगितलंत?" ती बाई म्हणाली होती, "सांगितलं होतं." एवढंच म्हणाली होती. तेव्हा ते उत्तर त्यांना उद्धट वाटलं होतं.

त्यांना रडू आलं. पण तेही कसं, तर थोडं त्या बाईसाठी, थोडं अकरा नंबरसाठी आणि बरंचसं स्वतःसाठी; एकतीस वर्षांच्या त्या स्वच्छ नोकरीसाठी. हे त्यांचं त्यांनाच कळत होतं, म्हणून रडणंही धड जमेना.

शनिवारी चौकशीच्या खोलीत साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्या उभ्या राहिल्या. "टिंब होतं. मी दिलं होतं. कागद थिएटरला पाठवताना मीच पुसलं. गुरुवारी मी खोटं बोलले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एक्केचाळीस, छत्तीस, दोन. हाडांचे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. कारकुनाचं पेन मध्येच थांबलं. साहेबांनी त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला. "सिस्टर, बसा. हे बघा, पेन्सिलीचं टिंब म्हणजे कागदोपत्री काहीच नाही. तुम्हाला चार महिने राहिलेत. हे बाहेर गेलं तर वस्तीवरची सगळी माणसं फाटकाशी येतील. उगीच काट्याचा नायटा होईल. तुम्हाला वाईट वाटतंय ते मी समजू शकतो..."

"कागदोपत्री काही राहू नये म्हणूनच आम्ही ते पुसायचो, साहेब," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही लिहून घेत नसाल तर मी घरून लिहून आणलंय." आणि त्यांनी पर्समधून चार पानं काढून टेबलावर ठेवली.

यानंतर कुणी त्यांची पाठ थोपटली असं समजू नका. चिमणीची नोकरी राहिली, ताकीद मिळाली. मोठ्या सिस्टरना सोमवारपासून वॉर्ड सोडून औषधांच्या भांडारात बसायचा हुकूम झाला. पुढची चौकशी वरून व्हायची होती. दुपारी कपाटाच्या किल्ल्या द्यायला त्या चिमणीपाशी गेल्या.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या.

चिमणीने किल्ल्या घेतल्या. "गुरुवारी का नाही बोललात?" तिच्या बारीक आवाजात राग मावत नव्हता. "दोन दिवस माझी आई अंथरुणाला खिळल्यासारखी पडून होती." मग ती जरा थांबली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "पण टिंब तुमचं असलं तरी डोळे माझे होते. मी त्याची बोटं बघायला हवी होती. मला दहा पावलं चालायचं होतं फक्त."

तेवढ्यात स्ट्रेचरवरून नवी पेशंट आली. खाणीवरची म्हातारी, मांडीचं हाड मोडलेलं, आणि ती खरंच मोठमोठ्याने ओरडत होती. मोठ्या सिस्टरच्या मनात लगेच आलं, झालं, सुरू. हात खिशाकडे गेला. डोकं कालपासून शहाणं झालं होतं, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना धसकाच बसला. हे काही एका दिवसात जाणार नाही, कदाचित आपल्याबरोबरच जाईल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी खिशातला हात बाहेर काढून म्हाताऱ्या बाईच्या पायाची बोटं चाचपली, गरम आहेत का ते बघितलं, वेळ लिहिली, आणि चिमणीला सांगितलं, "दर तासाला बघायचं. ओरडू दे, गप्प राहू दे, बघायचं." चिमणी "हो" म्हणाली. ती आधीच लिहीत होती.

मग त्या अकरा नंबरच्या खाटेकडे गेल्या. हे काम त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. साहेबांसमोर बोलण्यापेक्षा ते अवघड होतं. कारागीर उशीला टेकून बसला होता. उजवा हात बँडेजमध्ये, बोटांची टोकं बाहेर, आत वळलेली. तो डाव्या हाताने ती एकेक करून सरळ करून बघत होता. सोडली की ती पुन्हा वळत.

त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं. पेन्सिल, टिंब, त्याचा अर्थ, कधी दिलं, कुणी पुसलं. मध्ये थांबल्या नाहीत. स्वतःची बाजू मांडायची नाही असं ठरवून आल्या होत्या, तरी "इतक्या वर्षांची सवय" हे शब्द निसटलेच.

"म्हणजे मी काही बोलायच्या आधीच?" त्याने विचारलं.

"हो."

तो बोटांकडे बघत राहिला. आता हा शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, असं मोठ्या सिस्टरना वाटलं. बहुधा त्यांना तेच हवं होतं. त्याने अगदी शांतपणे विचारलं, "मी ओरडलो असतो, तर आला असतात?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ऐकायलाही बरं वाटलं असतं. पण गुरुवारी त्या एकदा खोटं बोलल्या होत्या आणि ते कुठे जाऊन लागतं ते त्यांनी बघितलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडला असतात तर मी म्हटलं असतं, बघा, टिंब बरोबरच दिलं."

त्याने हळूहळू मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटका झाल्यासारखं होतं, आणि ते त्यांना बघवेना.

"हे ताईला सांगाल?" तो म्हणाला. "आमच्याकडून कुणी हॉस्पिटलात निघालं की मोठी माणसं बजावून पाठवतात. तिथं ओरडायचं नाही. ओरडलं की आपल्याकडे लक्ष देत नाहीत. ताई गाडीत रस्ताभर हेच सांगत होती. दात खाऊन पडून राहा म्हणाली. राहिलो. आता म्हणते, मीच तुझं तोंड दाबलं, मीच तुझा हात घालवला. मंगळवारपासून तिने अन्नाला शिवलेलं नाही. माझं ऐकत नाही, मी समजूत घालतोय म्हणते. तुमचं ऐकेल."

मोठ्या सिस्टर उठल्या. वॉर्डाच्या दारातून बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर ती बसली होती, मांडीवर न उघडलेला डबा. पांढरे कपडे आपल्याकडे येताना बघून ती घाईघाईने उभी राहिली, आणि डबा पडू नये म्हणून तिने तो छातीशी धरला.

"काय झालं बाई?" ती म्हणाली. "त्याने काही त्रास दिला का? ओरडला का तो?"

"नाही हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तो ओरडला नाही. तुम्ही बसा." ती बसेना, म्हणून त्यांनी तिचा दंड धरून तिला बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. तिचा हात काडीसारखा होता. सांगायचं काय ते त्यांना पाठ होतं. आज दोनदा सांगून झालं होतं. तरीही पहिला शब्द काही केल्या तोंडातून निघेना, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत, अजून घाबरूनच, थांबून राहिली.